डॉक्टर व्हायला गणित किती लागतं?

गेल्या वर्षी जुलैत न्यू जर्सीहून मावसबहिणीचा फोन आला. लेक कॉलेजला जाणार, डॉक्टर व्हायचं पक्कं ठरलेलं. पण बहिणीचा आवाज पडलेला. "दादा, तिची गणिताची प्लेसमेंट टेस्ट नीट गेली नाही रे. आता केमिस्ट्री वर्षभर पुढे गेली!"

मला काही कळेना. गणितात कमी पडलं तर केमिस्ट्री का पुढे जावी? आणि डॉक्टरला गणित हवंच कशाला? आपल्याकडे तर "सुटलो एकदाचे गणितातून" म्हणत पोरं अकरावीला पीसीबी घेतात. मग जरा खोलात गेलो. हाती लागलं ते इथे मांडतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांची भाचे-पुतणी तिकडे याच वाटेवर आहेत.

आधी तिकडची रीत. अमेरिकेत सहसा बारावीनंतर थेट मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची पदवी, कुठल्याही विषयात. त्यातच ठरावीक विज्ञान विषय पुरे करायचे, यालाच 'प्री-मेड' म्हणतात. मग एमकॅट ही परीक्षा आणि पुढे चार वर्षं मेडिकल स्कूल.

यातले विषय शिडीसारखे एकावर एक असतात. जनरल केमिस्ट्री झाल्याशिवाय ऑरगॅनिक नाही, ऑरगॅनिकशिवाय बायोकेमिस्ट्री नाही. आणि अनेक कॉलेजांत जनरल केमिस्ट्रीला बसायचं तर गणिताची अमुक एक पातळी लागते. ती पातळी ठरवते प्लेसमेंट टेस्ट. सुट्टीत, घरी बसून, कॉम्प्युटरवर दिलेली तास-दोन तासांची परीक्षा. तिच्यात घसरलात की शिडीची पहिलीच पायरी लांब जाते आणि वरच्या सगळ्या तिच्यामागे. पोरीला वाटलं होतं, याचे मार्क कुठे धरतात? रात्री जेवणानंतर दिली, उरकून टाकली.

ही शिडी आली कुठून? आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. कॉलेजची पदवी त्यांच्याकडे नव्हती, आणि ती मागितलीही जात नसे. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्या काळी तिथल्या बऱ्याच मेडिकल शाळांत फी भरली की प्रवेश मिळे. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८७० च्या सुमारास लेखी परीक्षा आणायचं म्हटलं, तर तिथलेच नामांकित सर्जन हेन्री बिगेलो यांनी आक्षेप घेतला की निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांना धड लिहिताच येत नाही, लेखी परीक्षा देणार कशी!

चित्र पालटलं १८९३ मध्ये. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल सुरू झालं. पैसे कमी पडत होते, ते मेरी गॅरेट या बाईंनी दिले, पण अटी घालून: मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश, आणि येणाऱ्याकडे पदवी आणि विज्ञानाचा पाया हवाच. या अटी इतक्या कडक होत्या की तिथलेच प्राध्यापक विल्यम ऑस्लर गमतीने म्हणत, बरं झालं आपण मास्तर म्हणून आलो, विद्यार्थी म्हणून काही घेतलं नसतं.

मग १९१० चा फ्लेक्सनर अहवाल. अब्राहम फ्लेक्सनर डॉक्टर नव्हते, शिक्षणातले माणूस. अमेरिका-कॅनडातल्या १५५ मेडिकल शाळा त्यांनी तपासल्या आणि पार वाभाडे काढले. केमिस्ट्री, फिजिक्स, बायोलॉजी आधी शिकूनच मेडिकलला या, हे तिथून पक्कं झालं. दुकानं बंद झाली, रुग्णांचं भलं झालं. पण किंमत कोणी मोजली? कृष्णवर्णीयांच्या सात मेडिकल शाळांपैकी पाच बंद पडल्या. उरल्या हॉवर्ड आणि मेहॅरी. दार उंच केलं की लायकी नसलेले अडतात, तसे संधी नसलेलेही अडतात.

गणित या केमिस्ट्री-फिजिक्सच्या पाठीवर बसून आत आलं. पुढे अनेक मेडिकल स्कूल कॅल्क्युलस मागू लागल्या. आता गंमत बघा. आजच्या एमकॅटमध्ये कॅल्क्युलस येतच नाही. मग डॉक्टरला कुठलं गणित लागतं?

१९७८ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांतल्या ६० जणांना, म्हणजे डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना, एक प्रश्न विचारला गेला. हजारात एकाला असणारा आजार. तपासणीत निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोक चुकून पॉझिटिव्ह येतात. तर पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला खरंच आजार असण्याची शक्यता किती? जवळपास निम्मे म्हणाले, ९५ टक्के. आता बोटांवर मोजा: हजारात खरा रुग्ण एक, चुकून पॉझिटिव्ह साधारण पन्नास. म्हणजे ५१ मधला एक, जेमतेम २ टक्के! बरोबर उत्तर देणारे ६० पैकी फक्त ११.

याला कॅल्क्युलस लागत नाही. लागतो तो संख्याशास्त्राचा साधा विचार. उशिरा का होईना, तिकडे हे उमगू लागलंय. २००९ मध्ये तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एका अहवालाने म्हटलं, विषयांची यादी मोजू नका, विद्यार्थ्याला काय येतं ते बघा. प्लेसमेंट टेस्टवरही प्रश्न उठले. कोलंबिया विद्यापीठातल्या अभ्यासकांना दिसलं की कम्युनिटी कॉलेजांत अशा टेस्टमुळे गणितात चारातला एक जण साफ चुकीच्या वर्गात जातो. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदाच केला: कम्युनिटी कॉलेजांनी शाळेतले मार्क बघून वर्ग ठरवावा.

परीक्षाच नको, असं माझं म्हणणं नाही. कच्चा पाया घेऊन डॉक्टर झालेला कोणालाच परवडणार नाही. पण एका रात्रीच्या टेस्टवर वर्ष जाणार असेल, तर ते मुलांना आधी स्पष्ट सांगायला नको का? अनेक कॉलेजांत ही टेस्ट पुन्हा देता येते. आमच्या पोरीला हे कळलं तेव्हा मुदत संपून गेली होती. तेव्हा तिकडे कोणी जाणार असेल तर सांगा: ही टेस्ट अभ्यास करून, सकाळी ताज्या डोक्याने दे.

आणि इथल्या पीसीबीवाल्यांनो, गणित सुटलं म्हणून फार खूश होऊ नका. उद्या समोर घाबरलेला पेशंट रिपोर्ट घेऊन बसेल, तेव्हा ते ५१ मधलं एक तुम्हालाच मोजायचंय.