कापसाचा भाव आणि दवाखान्याची नोंदवही

१/ मंदीचा इतिहास आपण बहुधा बाजारभावांत आणि सावकाराच्या वहीत वाचतो. मंदी माणसाच्या शरीरापर्यंत कशी पोहोचते आणि तेव्हा रुग्णांची सेवा करणाऱ्याचे काय होते? कारंजा लाड आणि भोवतालचा वऱ्हाड यांच्या आधाराने हा प्रश्न समजून घेऊ.

२/ कारंजा हे जुने धनाढ्य व्यापारी गाव. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने ते लुटले, ते या संपत्तीमुळेच. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडी कापसाला कधी नव्हता असा भाव आला.

३/ १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्याच वर्षी मुंबईचा शेअर बाजारही बुडाला. तरी वऱ्हाडात कापसाचा पेरा टिकला, कारण सरकारचा सारा आणि सावकाराचे व्याज दोन्ही रोखीने द्यावे लागे. ज्वारीच्या शेतांत कापूस आला आणि घरची ज्वारी बाजारातून विकत घेण्याची पाळी अनेकांवर आली. वऱ्हाडातली भाकरी आता लिव्हरपूलच्या भावाशी बांधली गेली होती.

४/ १८९९ मध्ये पावसाने दगा दिला. शेतात काम उरले नाही, म्हणून मजुरी नाही आणि मजुरी नाही म्हणून धान्य नाही. बाजारात मात्र धान्य होते. इतिहासकार माइक डेव्हिस यांनी दिलेल्या आकड्यांनुसार १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात १,४३,००० माणसे उपासमारीने मेली. त्याच काळात या प्रांतातून हजारो गाठी कापूस आणि ७,४७,००० बुशेल धान्य बाहेर गेले.

५/ दुष्काळात बहुतेकांचा शेवट रोगानेच होतो. दुष्काळी कामांवर हजारो माणसे एकत्र येत, एकाच पाणवठ्याचे पाणी पीत आणि पटकी पसरे. पुढे पाऊस परतला की हिवताप येई आणि खंगलेली शरीरे त्यापुढे टिकत नसत. सरकारी तक्त्यात असे कितीतरी मृत्यू ‘ताप’ या एका रकान्यात जमा होत. भूक हे मूळ कारण कागदावर येतच नसे.

६/ १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. या काळातील मृत्यूंचा माग आज काढता येतो, तो गावोगावच्या पाटलांनी ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदींमुळे. लोकसंख्या-अभ्यासक टिम डायसन यांनी दुष्काळ आणि मृत्युमान यांच्या अभ्यासासाठी वऱ्हाडची निवड केली, कारण इथल्या नोंदी तुलनेने चांगल्या होत्या.

७/ मंदी आरोग्यावर दोन वाटांनी येते. पहिली वाट ताटातून, दुसरी तिजोरीतून. दवाखाने आणि लसटोचणी यांचा खर्च बराचसा स्थानिक निधीतून होई आणि त्या निधीचा एक मोठा आधार म्हणजे जमीन महसुलावरचा उपकर. म्हणजे ज्या वर्षी रुग्ण वाढत, त्याच वर्षी रुग्णसेवेचा पैसा आटण्याचा धोका असे.

८/ १९१९ च्या सुधारणांनी आरोग्य हे खाते प्रांतांकडे सोपवले. प्रांतांचे मुख्य उत्पन्न जमीन महसूल आणि अबकारी. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापूस पुन्हा कोसळला आणि हे उत्पन्नही घटले. १९३१ मध्ये केंद्र सरकारने नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात या दारिद्र्याचा हिशेब दिसतो: ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका.

९/ आता आपल्या काळाकडे येऊ. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले. त्यांत कारंजा ज्या जिल्ह्यात येते तो वाशीमही होता. २०१५ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. शेतकऱ्याच्या घरी जाऊन, तो खचला आहे का हे विचारण्याचे काम आले आशाताईंकडे.

१०/ आशाताई त्याच गावची. पुष्कळदा तिच्या घरीही तोच कापूस आणि तेच कर्ज असते. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. जानेवारी २०२४ मध्ये राज्यभरातील आशा संपावर गेल्या, तेव्हा कुठे मार्चमध्ये शासनाने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. पडत्या काळात समाज जिच्यावर सर्वाधिक भार टाकतो, तिच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र सर्वांत शेवटी हाती घेतो.

११/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. आपल्या तालुक्यातील कापसाचे जुने भाव आणि त्याच वर्षांचे जन्ममृत्यूचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. त्या तक्त्यात तिसरा रकानाही ठेवावा: त्या वर्षी दवाखान्यात माणसे किती होती आणि त्यांना पगार किती मिळत होता. आपल्या स्थानिक इतिहासात बहुधा हाच रकाना रिकामा असतो.