वाळवंट एका पडद्यावर : 'सुपर ऑफ रोड'ची जन्मकथा

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, इतिहासाच्या व्याख्यानात व्हिडीओ गेम कुठून आला? पण आपण इथे वस्तूंचा इतिहास पाहतो, आणि गेमचं यंत्र हीसुद्धा वस्तूच आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या दुकानांत, एक यंत्र आलं : 'आयव्हन आयर्नमॅन स्टुअर्ट्स सुपर ऑफ रोड'. तीन स्टिअरिंग, तीन पेडल, तीन माणसं खांद्याला खांदा लावून उभी. वरून दिसणारा मातीचा ट्रॅक आणि त्यावर उड्या मारणारे चार चिमुकले ट्रक.

आपला प्रश्न असा : या गेमचं मूळ वाळवंटात आहे, मग पडद्यावर वाळवंट दिसत का नाही?

त्यासाठी आधी मेक्सिकोत जावं लागेल. कॅलिफोर्नियाच्या खाली, समुद्रात लांब बोटासारखा गेलेला जमिनीचा पट्टा म्हणजे बाहा कॅलिफोर्निया. १९६२ साली डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनिअर हे दोघं होंडाच्या मोटारसायकलींवर तिहुआनाहून ला पाझला निघाले. अंतर ९५२ मैल, म्हणजे दीड हजार किलोमीटरच्या वर. त्यातला बहुतेक रस्ता नावापुरताच रस्ता. एकिन्स ३९ तास ५६ मिनिटांत पोचला. आता हे सिद्ध कसं करायचं? निघताना तिहुआनाच्या तार ऑफिसातून एक तार केली, पोचल्यावर ला पाझहून दुसरी. तारेवरची वेळ हाच पुरावा! आम्हाला या सगळ्या कथेत ही तारेची युक्ती सगळ्यात जास्त आवडते. स्टॉपवॉच धरून बसणारं तिथे कुणी नव्हतंच.

मग हा विक्रम मोडायची चुरस लागली, आणि १९६७ च्या ऑक्टोबरअखेरीस रीतसर शर्यत झाली, 'मेक्सिकन १०००'. ६८ गाड्या उतरल्या. व्हिक विल्सन आणि टेड मँगल्स २७ तास ३८ मिनिटांत पहिले आले, तेही एका डून बगीत, म्हणजे फोक्सवॅगनच्या सांगाड्यावर फायबरग्लासची बॉडी चढवलेल्या हलक्या गाडीत. पुढे हीच शर्यत 'बाहा १०००' म्हणून जगभर गाजली. तिथलं खरं संकट वेगाचं नाही. पिठासारख्या बारीक धुळीचे पट्टे लागतात, त्यात चाक रुतलं की संपलं. पुढच्या गाडीच्या धुरळ्यात काही दिसत नाही. रात्र होते. आणि प्रेक्षक? त्यांना गाडी दिसते ती सेकंदभर. दीड हजार किलोमीटरची शर्यत बघणार तरी कुठून?

नेमकी हीच अडचण मिकी थॉम्पसनने हेरली. हा गडी मुळातला वेगवेडा. १९६० साली बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी ४०० मैलांचा टप्पा ओलांडलेला. १९७३ मध्ये त्याने 'स्कोर' ही संस्था काढली, आणि १९७४ ची शर्यत इंधनटंचाईत बुडाल्यावर १९७५ पासून बाहा १००० स्कोरच्या हाती आली. पण थॉम्पसनच्या डोक्यात वेगळंच होतं. लोक वाळवंटात येत नाहीत ना? मग वाळवंटच लोकांकडे नेऊ! १९७९ साली लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये ट्रकच्या ट्रक माती ओतली, उंचवटे रचले, आणि गाड्या चक्क कमानींच्या बाजूच्या पायऱ्यांवरून उडवल्या. तिकीट काढून बसा, सगळी शर्यत डोळ्यांसमोर.

आपल्या मते हा सगळ्यात मोठा टप्पा. गेम बनवणाऱ्यांच्या कितीतरी आधी थॉम्पसनने वाळवंट एका नजरेत मावेल एवढं करून ठेवलं होतं. म्हणून 'सुपर ऑफ रोड'मध्ये वाळवंट नाही, स्टेडियम आहे. १९८८ च्या मार्चमध्ये थॉम्पसन आणि त्याची पत्नी ट्रूडी यांचा राहत्या घरासमोर गोळ्या घालून खून झाला. त्याच्या धंद्यातल्या एका माजी भागीदाराला दोषी ठरवायला २००७ साल उजाडलं. गेम आला तेव्हा स्टेडियमवाला हयात नव्हता.

गेम बनवला लेलँड कॉर्पोरेशनने. ही सॅन डिएगोच्या परिसरातली कंपनी, पूर्वीची सिनेमॅट्रॉनिक्स. म्हणजे बाहाची सरहद्द अगदी जवळ. रचना आणि मुख्य प्रोग्रामिंग जॉन मॉर्गनचं. एकाच पडद्यावर अख्खा ट्रॅक आणि तीन खेळाडू, ही कल्पना अटारीच्या 'सुपर स्प्रिंट'मध्ये १९८६ सालीच आली होती. मॉर्गनने त्यात माती घातली. ट्रक उंचवट्यावर आदळतो, उडतो, घसरतो. बटण दाबलं की नायट्रो. जिंकलेल्या पैशातून टायर, शॉक ॲब्सॉर्बर, वेग विकत घ्यायचा. पैसे कमी पडले तर खिशातलं खरं नाणं टाकायचं. धंद्याची खुबी इथेच होती!

आणि यंत्रावर नाव कुणाचं? मॉर्गनचं नाही, आयव्हन स्टुअर्टचं. स्टुअर्ट हा खरा वाळवंटातला माणूस. दोघांनी बसायच्या गाडीत तो एकटाच बसायचा, ताससे न् तास एकट्यानेच चालवायचा, म्हणून 'आयर्नमॅन'. बाहा ५०० त्याने १७ वेळा जिंकली. गेममध्ये लाल, निळा, पिवळा ट्रक खेळाडूंचा, आणि करडा ट्रक यंत्राचा, म्हणजे आयर्नमॅनचा. तो शर्यतीगणिक तेज होत जातो. त्याच्या मागे राहिलात की नाणं गेलं. ज्याचं नाव बघून पोरं आत येत, तोच त्यांचे खिसे रिकामे करी. मॉर्गनचं नाव किती पोरांनी वाचलं असेल? अशा गेमचे लेखक बहुधा असेच मागे राहतात. बाहाच्या बाबतीतही आपण शर्यतवाल्यांची नावं सांगतो, त्यांना पाणी, पेट्रोल आणि वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांची नाही. आमच्या आजच्या व्याख्यानातही ती आली नाहीत, हे कबूल करायला हवं.

मेक्सिको मग उरला कुठे? एका ट्रॅकच्या नावात : 'हुएव्होस ग्रांदे'. स्पॅनिशमध्ये अनेकवचनाला विशेषणही अनेकवचनी लागतं, 'ग्रांदेस' हवं होतं. शब्दशः अर्थ 'मोठी अंडी', बोलीतला अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही. सरहद्दीला खेटून असलेल्या कंपनीने शेजाऱ्याच्या भाषेतून एवढंच उचललं, तेही चुकीचं.

गेम पुढे घरोघरी पोचला. निन्टेन्डोच्या ८-बिट यंत्रावरची आवृत्ती 'रेअर'ने केली, आणि तिथे चौघंही एकत्र खेळू शकत. आपल्याकडे नव्वदीत टीव्हीला जोडून कॅसेटचे गेम खेळलेल्यांना त्या काळातल्या या चौकोनी ट्रकांची धाटणी लगेच ओळखू येईल.

आणि खऱ्या बाहात? १९७३ च्या शेवटी तिहुआनापासून दक्षिण टोकापर्यंत डांबरी महामार्ग झाला. शर्यतवाले तेव्हापासून मुद्दाम तो सोडून धुळीची वाट शोधतात.