परीक्षा १८९२ची, पदवी १९२२ची

परदेशात कायद्याचं पुढचं शिक्षण म्हटलं की आपल्यासमोर ऑफर लेटर, स्कॉलरशिप आणि व्हिसा येतो. पण समजा प्रवेश मिळाला, परीक्षाही पास झालात आणि पदवी हातात पडायला तीस वर्षं लागली, तर? कॉर्नेलिया सोराबजी यांच्या बाबतीत हेच झालं.

जन्म १८६६चा, नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पदवी परीक्षेत त्या इतक्या वर होत्या की इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती त्यांनाच मिळायला हवी होती. नाकारली गेली, कारण त्या स्त्री होत्या. मग काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवलं. पुढे इंग्लंडमधल्या काही मंडळींनी वर्गणी काढली (त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या) आणि १८८९मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये पोहोचल्या.

बीसीएल हा तिथला कायद्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट त्यांच्या पाठीशी होते. तरीही पुरुष विद्यार्थ्यांसोबत परीक्षेला बसू द्यायचं का, यावर घोडं अडलंच. शेवटी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२मध्ये परीक्षा झाली, तिसरा वर्ग मिळाला. गौरवपर लेखांत हा तिसरा वर्ग हळूच गाळलेला दिसतो. तुम्ही तसं करू नका.

आणखी एक. 'ऑक्सफर्डची कायद्याची पदवी घेणारी पहिली स्त्री, १८९२' असं वाक्य तुम्हाला कुठे ना कुठे भेटेलच. ते जसंच्या तसं उतरवून घेऊ नका. ऑक्सफर्ड १९२०पर्यंत स्त्रियांना पदवीच देत नव्हतं! परीक्षा पास होणं ही एक नोंद, पदवी मिळणं ही दुसरी. आणि ही दुसरी नोंद १९२२ची आहे. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. आमच्याकडे नेमकं काय मोजलं हे सांगितल्याशिवाय आकड्याला किंमत नसते. तारखांचंही तसंच असतं हे मला या उदाहरणामुळे पटलं.

मधली तीस वर्षं त्या काही वाट बघत बसल्या नव्हत्या. परत येऊन मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तरी सनद नाही. १९०४पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांनी पडदानशीन बायकांच्या इस्टेटीची प्रकरणं सांभाळली. या बायका परपुरुषासमोर येत नसत, म्हणजे वकिलासमोरही नाही. मालमत्ता नावावर, पण बोलायला माणूस नाही, अशी त्यांची गत. म्हणून सरकारला कॉर्नेलिया हव्या होत्या, पण सल्लागार म्हणून. कोर्टात उभी राहणारी वकील म्हणून नव्हे.

अलाहाबाद हायकोर्टाने १९२१मध्ये सनद दिली. १९२३च्या कायद्याने देशभर स्त्रियांना वकिलीची वाट मोकळी झाली, आणि १९२४मध्ये त्या कलकत्ता हायकोर्टात दाखल झाल्या. वय सत्तावन्नच्या पुढे. पाचच वर्षांनी, १९२९मध्ये, त्या निवृत्त झाल्या.