वृद्ध रुग्णांतील ताप व भ्रम

रुग्णालयातील वृद्धाला ताप आला आणि तो एकाएकी बरळू लागला, घरच्यांना ओळखेनासा झाला किंवा दिवसभर झापडीत पडून राहिला, तर ती बहुधा डिलिरियमची अवस्था असते. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून ती सोडून देणे जिवावर बेतू शकते.

निदानाचा पहिला धागा नातेवाइकांकडे असतो. परवापर्यंत दुधाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या आजींचा आज गोंधळ उडतो, तेव्हा तो नुसता स्मृतिभ्रंश नव्हे. स्मृतिभ्रंश सहसा महिन्यामहिन्यांनी वाढतो, डिलिरियम तासा-दिवसांत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होतो. अमेरिकी वृद्धरोगतज्ज्ञ शॅरन इनोये यांनी १९९० मध्ये मांडलेल्या कसोटीत अशी अचानक सुरुवात आणि न टिकणारे लक्ष ही दोन्ही लक्षणे हवीत. शिवाय असंबद्ध विचार किंवा जागेपणातला बदल. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. गुपचूप पडलेला रुग्ण नजरेतून सुटतो.

तापही फसवा असतो. वृद्धांत गंभीर जंतुसंसर्गातही पारा फारसा चढत नाही, म्हणून ३७.८ अंश सेल्सिअसचीही दखल घ्यावी लागते.

सर्वांत जास्त फसगत होते ती लघवीच्या रिपोर्टने. अनेक वृद्धांच्या, विशेषतः बराच काळ नळी असलेल्यांच्या लघवीत आजार नसतानाही जंतू सापडतात. रिपोर्टवर बोट ठेवून शोध थांबवला, की न्यूमोनिया, पित्ताशयाचा दाह, पाठीखालची शय्याव्रणे, सुजलेली सलाईनची शीर हे सारे झाकलेच राहते. ताप असून रक्तदाब ढासळत असेल, तर रक्त कल्चरला पाठवून प्रतिजैविक लगेच सुरू करावे लागते. पण अंगावरची चादर बाजूला करून नखशिखान्त तपासणी व्हायलाच हवी. साखर, सोडियम व ऑक्सिजनही तितक्याच तातडीने पाहतात.

औषधांचा कागद पुन्हा वाचावा. मूत्रपिंड कमजोर असताना सेफेपिममुळे भ्रम होतो. हॅलोपेरिडॉलनंतर अंग ताठरून ताप चढू शकतो. दारू अचानक सुटल्यावर दोन-चार दिवसांनी असेच चित्र दिसते.

स्थळकाळही महत्त्वाचा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात स्क्रब टायफसची साथ आली होती. त्याची काळी खपली काखेत वा जांघेत दडलेली असते, आणि डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळाल्यास रुग्ण बरा होतो.

म्हातारपणी मणक्यांच्या झिजेनेही मान आखडते, त्यामुळे मेंदूज्वर ओळखणे कठीण. शंका असल्यास पाठीतले पाणी तपासतात. मात्र हर्पिसजन्य मेंदूदाहाचा संशय असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता ॲसायक्लोव्हिर सुरू करतात.