सीतेची आसवे : एक निळे फूल, एक टपाल अधिकारी आणि ‘पोटखराबा’

१/ श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या सड्यांवर, उथळ पाणी साचलेल्या उघड्या जागी निळ्या-जांभळ्या फुलांचा थर पसरतो. लोकांनी त्याला नाव दिले ‘सीतेची आसवे’. या एका नावाखाली मात्र एकाहून अधिक जाती नांदतात. #थ्रेड

२/ या वनस्पतींची प्रजाती युट्रिक्युलेरिया. लॅटिनमध्ये अर्थ ‘लहान पिशवी’. कातळावरच्या पातळ मातीत नत्र व स्फुरद अत्यल्प. म्हणून ही वनस्पती ओल्या मातीतल्या सूक्ष्म पिशव्यांनी बारीक जीव पकडते. १८७५ मध्ये डार्विनला वाटले, जीव स्वतःच आत शिरतात. पिशवी त्यांना शोषून घेते, हे पुढे कळले.

३/ ओळखावे कसे? देठ गवताला किंवा भाताला वेढे घालत चढला असेल आणि पाकळीवर शिरांची जाळी दिसत असेल, तर ती ‘रेटिक्युलाटा’, म्हणजे जाळीदार. देठ ताठ आणि फुले दाटीने, गालिच्यासारखी असतील, तर बहुधा ‘पर्प्युरासेन्स’, म्हणजे जांभळट.

४/ हे दुसरे नाव मुंबईत छापले गेले. जॉन ग्रॅहम हे टपाल खात्यातील अधिकारी. मुंबई व परिसरातील वनस्पतींची त्यांची सूची १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. छपाई चालू असतानाच ते खंडाळ्याला वारले. उरलेले काम जोसेफ निम्मो यांनी पुरे केले. आजही या जातीच्या शास्त्रीय नावापुढे ग्रॅहमचे नाव लागते.

५/ ज्यांनी फुलाला आसवे म्हटले, त्यांचे नाव कुठल्याच दप्तरात नाही.

६/ दुसरे दप्तर महसुलाचे. पीक न देणारी कातळाची जमीन त्यात ‘पोटखराबा’ म्हणून नोंदली जाते. एकच जागा : वनस्पतीच्या सूचीत तिची दखल, सातबाऱ्यावर ती खराब.

७/ चेंबूरला वाढलेल्या आम्हांला पाणथळ म्हणजे माहुलची खाडी आणि तिवरे. त्या खाऱ्या चिखलात हे फूल येत नाही. त्याला हवे गोडे पाणी, उघडे ऊन आणि निकस माती. नेमकी तीच जमीन, जिला आपण पडीक समजून भराव घालतो.

८/ कास २०१२ मध्ये जागतिक वारशात गेले, म्हणून तिथला सडा राखला जातो. बाकीच्या सड्यांवर पहिला प्रश्न ‘हे फूल कोणते?’ हाच असावा. ज्याला नाव असते, त्याच्यासाठी हरकत नोंदवता येते.