बोरघाटाच्या वाटेवरील मुक्काम

पुण्याहून मोटारीनें निघालेला प्रवासी आज द्रुतगतिमार्गानें कांहीं तासांतच मुंबईच्या वेशीवर पोहोंचतो. वाटेंत चहासाठीं तो थांबलाच, तर तेथला मालक कोण हें त्यास ठाऊक नसतें, व विचारण्याचें कारणही पडत नाहीं. परंतु तोच प्रवासी जुन्या रस्त्यानें वडगांव, कार्लें, लोणावळें, खंडाळा असा थांबत थांबत घाट उतरून खोपोलीस गेला, तर वाटसरूस कोणीं व कोणत्या नात्यानें आसरा दिला, याचा दोनशें वर्षांचा इतिहास त्यास रस्त्याच्या कडेलाच आढळेल.

पेशवाईंत या वाटेवर उतारूंसाठीं खाणावळ चालविणें हा प्रतिष्ठित कुटुंबाचा व्यवसाय नव्हता. शिजविलेलें अन्न विकणें धर्मशास्त्रानें निंद्य ठरविलें होतें, आणि कोणाच्या हातचें अन्न कोणास चालतें, हा प्रश्न जातीशीं जखडलेला होता. म्हणून प्रवासी शिधा बरोबर घेई, धर्मशाळेंत किंवा देवळाच्या ओवरींत उतरे, आणि तीन दगडांची चूल मांडून आपला भात आपणच शिजवी. पाणी व छप्पर एवढेंच धर्मकृत्य म्हणून दिलें जाई. घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस नाना फडणविसांनीं बांधविलेला तलाव व महादेवाचें देऊळ हें या दानशीलतेचें ठळक उदाहरण होय. मात्र त्या दानासही मर्यादा होती. अस्पृश्य मानिलेल्या वाटसरूस ओवरीही बंद व पाणवठाही बंद. त्यानें गांवाबाहेर झाडाखालीं रात्र काढावी, अशी तेव्हांची रीत होती.

इंग्रजी अमलांत प्रथम रस्ता बदलला. १८०४ सालीं जनरल वेलस्ली यानें तोफा नेण्यापुरती घाटाची वाट सुधारली. १८२५ सालीं बिशप हेबर याच वाटेनें पुण्यास आला. पुढें १८३० सालीं सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत घाटांतून गाडीरस्ता खुला झाला. मुंबईहून पनवेलपर्यंत होडीनें यावें आणि तेथून खुष्कीनें पुणें गांठावें, असा तो प्रवास असे. साहेब लोकांसाठीं सरकारी बंगले झाले. तेथला खानसामा कोंबडी शिजवून वाढी. पण तो सरकारचा नोकर, घरधनी नव्हे.

मग आगगाडी आली. १८५६ सालीं ती मुंबईकडून खोपोलीपर्यंत आली, आणि १८५८ सालीं पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत. मधला घाट मात्र पालखींतून किंवा तट्टावरून ओलांडावा लागे. त्या पांच वर्षांत घाटाच्या दोन्ही टोकांस उतरल्यावांचून कोणाचीच सुटका नव्हती. १८६३ सालीं घाटांतील लोहमार्ग पुरा झाला. मुख्य मार्ग कर्जतवरून वर चढला आणि खोपोली आडबाजूच्या फांट्यावर राहिली. जेथें वाहन थांबे, तेथेंच खाणें विकलें जाऊं लागलें. कर्जतास गाडीला मागून जादा इंजिन जोडावें लागे. तेवढ्या अवकाशांत दिवाडकरांच्या बटाटेवड्यानें पुढें आपलें नांव केलें.

कुटुंबानें चालविलेलें उपाहारगृह खऱ्या अर्थानें रुजविलें तें पारशी व इराणी मंडळींनीं. यज्द व केरमान या प्रांतांतून आलेल्या इराण्यांस अन्नविक्रयाचा संकोच नव्हता. संगमरवरी मेज, बाकदार लांकडी खुर्ची, गल्ल्यावर बाप, भटारखान्याकडे लक्ष ठेवणारा मुलगा, आणि दोन आण्यांच्या चहावर तासभर बसूं देणारी सहनशीलता, हें त्यांचें भांडवल होतें. पुण्यांत डेक्कन जिमखान्यावर १९३५ सालीं निघालेलें कॅफे गुडलक त्याच परंपरेंतलें. पुणेरी पेठांतही घरगुती खाणावळी निघाल्या आणि कित्येक निराधार विधवांनीं त्यांवर मुलांचीं शिक्षणें केलीं. पण तेथें पंगतीस बसण्यापूर्वीं पुष्कळदा जात विचारली जाई. इराण्याच्या मेजावर सहसा ती विचारली जात नसे. पैसा मोजणारा तो गिऱ्हाईक, हा व्यापारी नियम तेवढ्यापुरता तरी धर्मकृत्याहून उदार ठरला.

२००२ सालीं द्रुतगतिमार्ग पूर्ण झाला आणि बरीचशी वाहतूक जुन्या रस्त्यावरून उठून गेली. जेथें आजोबा गल्ल्यावर बसत, ती जागा पाहण्यास एखादा नातू आज गेला, तर दार बंद असण्याचा अथवा पाटीवर दुसरेंच नांव असण्याचा संभव पुष्कळ. त्याचें त्यास वाईट वाटणें साहजिक आहे. परंतु या वाटेवर असें पूर्वींही घडलें आहे: पायीं चालणाऱ्याची धर्मशाळा गाडीरस्त्यानें मागें टाकली, खोपोलीचा मुक्काम लोहमार्गानें मोडला, आणि लोहमार्गावरचे उतारू मोटारीनें पळविले. गेलेल्या मुक्कामाचा हिशेब करतांना मात्र तेथला चहा किती चांगला होता एवढेंच विचारून भागणार नाहीं. उंबऱ्याच्या आंत कोणास घेतलें जाई, हेंही विचारावें लागेल.