बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड नेमका काय करतो?

बालभारतीच्या अलीकडच्या पाठ्यपुस्तकांत एक काळा-पांढरा चौकोन दिसतो. मोबाइलवर ‘दीक्षा’ ॲप उघडून तो स्कॅन केला की धड्याशी संबंधित व्हिडिओ किंवा सरावाचे प्रश्न समोर येतात.

या कल्पनेमागे एक झेडपीची शाळा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, गोष्टी, व्हिडिओ मुलांपर्यंत पोहोचवले. २०१७ मध्ये राज्य सरकारने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड देण्याचं जाहीर केलं. केंद्राचं ‘दीक्षा’ही त्याच वर्षी सुरू झालं. डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. १० लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना वाटून दिली.

कोडमध्ये काय असतं?

व्हिडिओ नसतो, फक्त पत्ता असतो. त्या पत्त्यावर काय ठेवायचं ते नंतरही बदलता येतं, त्यासाठी पुस्तक पुन्हा छापावं लागत नाही. चौकोनाजवळ बहुतेक वेळा सहा अक्षर-अंकांचा कोडही असतो. कॅमेरा नीट चालत नसेल तर तो टाइप करायचा. (क्यूआर कोडचा जन्म मात्र शाळेतला नाही. १९९४ मध्ये जपानमध्ये तो गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तयार झाला.)

मग वर्गात काय बदललं?

हृदयाचा धडा घ्या. फळ्यावरच्या आकृतीत झडपा हलत नाहीत, व्हिडिओत त्या उघडताना-मिटताना दिसतात. आकृती काढण्यात जाणारा वेळ वाचतो आणि सर विचारू शकतात, “झडप नीट मिटलीच नाही तर?” खरा फायदा मला या प्रश्नात दिसतो. नुसता व्हिडिओ लावून तास संपवला, तर फळा बरा होता. कुणाचा चेहरा गोंधळलाय, हे व्हिडिओला कळत नाही.

अडतं कुठे?

फोनपाशी. घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. दोन भावंडं असली की आधी कुणाचा अभ्यास, हा वेगळाच वाद. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही अडचण घराघरांत दिसली.

रेंज नसेल तर मात्र उपाय आहे. ‘दीक्षा’वरचं बरंचसं साहित्य आधी डाउनलोड करून नंतर इंटरनेटशिवाय बघता येतं. म्हणजे शिक्षकांनी रेंज असेल तिथे धडा उतरवून घेतला, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या एका फोनवरही वर्गाचं काम भागतं.